कानाचे वेज

‘सोनारानेच कान टोचलेले बरे,’ अशी आपल्याकडे एक म्हण आहे. बापाला न जुमानणारा मुलगा मास्तरांचे निमूट ऐकतो, घरच्यांनी दहादा सांगून न पटलेले पथ्य डॉक्टरांनी एकदा सांगताच पटते. असे काही घडले, की ही म्हण आपण हमखास वापरतो. पण वापरताना आपल्या डोळ्यांपुढे कान येत नाही आणि सोनारही येत नाही. म्हणी अशाच झिजतात. कानाची म्हण जिभेवर राहते आणि कान बाजूला पडतो!

मला मात्र पुष्कळ वर्षांपासून वाटत आले आहे, की या म्हणीत अर्धीच हकीकत आली आहे. सोनार टोचतो आणि जातो. त्याचे काम सुपारीचे एक खांड कातरायच्या आत संपते. खरे काम पुढेच असते. टोचलेले पिकू द्यायचे नाही, बुजू द्यायचे नाही, आणि दागिना पेलेल इतके ते पक्के करायचे. हे काम काही आठवड्यांचे, आणि कधी कधी काही वर्षांचेही. ते ज्या बाईच्या वाट्याला येते, तिच्या नावाने मराठीत एकही म्हण नाही.

आमच्या निलंग्याकडे कानाच्या त्या भोकाला ‘वेज’ म्हणतात. मोठा नेमका शब्द आहे. ‘भोक’ म्हटले, की फुटकी बादली डोळ्यांपुढे येते. ‘वेज’ म्हटले, की दागिना येतो. संस्कृतातल्या ‘वेधा’च्या कुळातला हा शब्द. शास्त्रात ज्याला ‘कर्णवेध’ म्हणतात, तो संस्कार घरात येता येता वेज होऊन बसला.

माझे स्वतःचे कान बाराव्या दिवशी टोचले गेले, असे सांगतात. महाराष्ट्रात पुष्कळ घरी तीच रीत होती. मला त्यातले अर्थातच काही आठवत नाही. पाळ्यांवर दोन बारीक खुणा तेवढ्या उरल्या आहेत. शाळेत जाईपर्यंत माझे वेज बुजून गेले, आणि त्याची कोणी खंत केली नाही. पुरुषाचे वेज बुजले काय नि राहिले काय! पण धाकट्या बहिणीचे कान टोचले ते मी सहा वर्षांचा असताना. ते मात्र लख्ख आठवते.

सोनार घरी आला होता. दुकानातली फुंकणी आणि शेगडी त्याने दुकानातच ठेवली होती; बरोबर एक चिमटा, एक कानस आणि कागदाच्या पुडीत सोन्याची बारीक तार एवढेच होते. तारेचे टोक त्याने कानशीवर घासून घासून अणकुचीदार केले. सुई वेगळी नाहीच. जी तार टोचायची, तीच वळवून कानात ठेवायची. त्या इवल्या वळ्याला सुंकले म्हणत. मामाच्या मांडीवर बहीण, तिच्या मुठीत गुळाचा खडा. सोनाराने दोन्ही पाळ्यांवर कुंकवाचे ठिपके दिले, दूर सरकून ते सारख्या उंचीवर आहेत का ते पाहिले, एक पुसून पुन्हा दिला. ‘थांब गं माय, झालंच बग!’ एवढे तो म्हणेपर्यंत खरोखरच झाले होते. बहिणीने आकांत मांडला, मामाचे डोळे भरून आले. सोनार शिधा आणि नारळ घेऊन, पान खाऊन गेला.

आणि मग आजीने कारभार हाती घेतला. रोज सकाळी ती आधी स्वतःचे हात धूत असे, तेही राखेने घासून. मग कोमट पाण्यात मिठाची कणी विरघळवून कापसाच्या बोळ्याने सुंकल्याभोवतीची खपली भिजवी. खपली नखाने काढायची नाही, तिची ती सुटू द्यायची, हा तिचा कायदा. वर खोबरेल तेलात कालवलेली हळद. निजताना बहिणीला कुशीवर वळू द्यायची नाही, अंगड्याचा गळा कानाला लागू द्यायचा नाही, आणि पाहुण्याने कौतुकाने कानाला हात लावला, की त्याच्या हातावर हलकी चापट! थंडीत टोचलेले पिकत नाही, म्हणून हे सारे दिवाळीनंतर करायचे, असाही तिचा दंडक होता.

आजीने सुश्रुत वाचला नव्हता. तिला अक्षरओळख जेमतेम होती. पुढे मी वाचनालयातून सुश्रुतसंहितेचे भाषांतर आणले आणि सूत्रस्थानाचा सोळावा अध्याय वाचला, तेव्हा हा वैद्य आमच्या ओसरीवर बसून गेला होता की काय, अशी मला शंका आली. तो म्हणतो, मूल सहा-सात महिन्यांचे झाले, की त्याला मांडीवर घ्यावे, खेळणी दाखवून रिझवावे. डाव्या हाताने पाळी ओढून धरावी. जिथून सूर्याचा उजेड आरपार दिसतो, ती दैवानेच केलेली जागा. तिथे उजव्या हाताने हळूच, सरळ टोचावे. मुलाचा उजवा कान आधी, मुलीचा डावा. रक्त फार आले, दुखणे फार झाले, तर जागा चुकली असे समजावे. मग कापसाची वात घालावी, तेल शिंपावे, आणि दर तीन दिवसांनी वात थोडी जाड करीत न्यावी. टोचायचे कशासाठी, याची त्याने दोन कारणे दिली आहेत : एक रक्षा आणि दुसरे भूषण. वेज वाढविता वाढविता पाळी फाटली, तर ती सांधण्याचे एकंदर १५ प्रकार त्याने त्याच अध्यायात सांगितले आहेत. टोचण्याची कृती दोन ओळींत उरकली, आणि पुढचा सगळा अध्याय निगेला आणि डागडुजीला दिला आहे! म्हणीपेक्षा वैद्य शहाणा, तो असा.

धर्मशास्त्रकारांनाही उजेडाचे वेड होते. ज्या ब्राह्मणाच्या कानाच्या वेजातून सूर्यकिरण पार जात नाही, त्याला नुसते पाहिले तरी पुण्य आटते, अशा अर्थाचे एक वचन देवलाच्या नावावर सांगतात. म्हणजे निदान शास्त्राप्रमाणे तरी आम्हां पुरुषांना वेज बुजू देण्याची मुभा नव्हती. माझ्या दर्शनाने आजवर किती जणांचे पुण्य आटले असेल, त्याचा हिशेब न केलेलाच बरा.

नाकाची गोष्ट निराळी आहे. निलंग्यात नीलकंठेश्वराचे चालुक्यकालीन देऊळ आहे, तीन गाभाऱ्यांचे. लहानपणी आम्ही तिथे गारव्याला जाऊन बसत असू. दगडातल्या त्या देवादिकांच्या कानांत पाहावीत तर केवढाली कुंडले! पण नाके सगळी मोकळी. हे एकट्या निलंग्याचे नव्हे. आपल्या जुन्या शिल्पांत कान जडावलेले आणि नाक उघडे, हे सगळीकडेच दिसते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेतले परशुराम कृष्ण गोडे यांनी नथीच्या प्राचीनतेवर स्वतंत्र लेख लिहून दाखविले, की इसवी सनाच्या पहिल्या हजार वर्षांत आपल्याकडे नाकातल्या दागिन्याचा पुरावा सापडत नाही. जी नथ आपण मराठी लग्नाची खूण समजतो, ती कुंडलांच्या मानाने कालची पोर! पण ही कालची पोर घरात आली आणि सौभाग्याची किल्ली कमरेला लावून बसली. कानातले हौसेचे राहिले. नाकातले नवऱ्याच्या नावाचे झाले.

मुलांनीही नाके टोचून घेतली आहेत. ज्या घरात मुलगे जगत नसत, तिथे नव्या मुलाचे नाक टोचून त्याला मुलगी म्हणून वाढवायचे, म्हणजे सटवाई फसते, असा समज होता. महाराष्ट्रात जेवढे म्हणून नथू झाले, त्यांतल्या पुष्कळांच्या नावामागे अशी एक घाबरलेली आई उभी आहे. सुश्रुताने म्हटलेली ‘रक्षा’ ती हीच.

पण मला सांगायचे आहे ते माझ्या आत्याविषयी.

आत्या १९६६ साली विधवा होऊन माहेरी परत आली. वय बावीस. तिचे कुंकू, बांगड्या, मंगळसूत्र आणि नाकातली मुरणी हे सगळे सासरीच उतरले होते. कानातल्या कुड्याही तिकडेच राहिल्या. घरात वडिलधाऱ्यांचा शब्द चाले, आणि तो शब्द असा, की आता तिला काही घालायचे नाही. आजीही त्याविरुद्ध बोलली नाही. तिच्या पिढीला तसे बोलता येत नव्हते. नाकाचे वेज वर्षाच्या आत बुजले. नाकाच्या पाकळीवर तीळभर खळगा तेवढा राहिला.

आजीचा एक रविवारचा उद्योग होता. परसातल्या कडुलिंबाच्या कोवळ्या काड्या काढायच्या, साल सोलायची, टोके घासून गुळगुळीत करायची आणि तेलात बुडवून कोनाड्यातल्या पितळी वाटीत ठेवायच्या. बहिणीच्या सुंकल्याची तार कधी तुटे, कधी मोडून नवी करायला दिलेली असे. तेवढ्या दिवसांत वेज बुजू नये म्हणून कानात काडी. बहिणीला काड्या लागत दोन. वाटीत नेहमी चार असत.

चार कशाला, हे मी एकदा विचारले होते. ‘मोडली तर असावी,’ आजी म्हणाली. पण सोमवारी सकाळी वाटीत दोनच उरत, आणि पदर सरकला, की आत्याच्या पाळीत काडीचे हिरवे टोक दिसे. कोणी काही बोलत नसे. आजी ठेवी, आत्या उचली. त्या दोघींत या विषयावर एक अक्षरही झालेले मी ऐकले नाही. एकदा चुलत आजोबांनी हटकलेच : ‘हे कानात काय घातलंस गं?’ आत्या म्हणाली, ‘कान ठणकलालाय. लिंबाच्या काडीनं उतार पडतो.’ तो कान पुढे सहा वर्षे ठणकत होता!

मग १९७२ चा दुष्काळ आला. निलंगा तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते. लातूर जिल्हा व्हायला अजून दहा वर्षे होती. रानात हिरवे पान नव्हते. दुष्काळी कामांवर बायका खडी फोडीत. अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो आणि सुकडी यांवर लेकरे जगत होती. आमच्यासारख्या पांढरपेशा म्हणवणाऱ्या घरांतही डबे रिकामे झाले. आईच्या कुड्या सावकाराकडे गहाण गेल्या, मग शेजारच्या काकूंच्या गेल्या, मग बहिणीची सुंकलीही गेली. आजीच्या वाटीत काड्या वाढल्या.

त्या वर्षी येळवसही आली. आमच्या भागात मार्गशीर्षातल्या अमावास्येला सगळे गाव शेतात जेवायला जाते. भज्जी आणि आंबील घेऊन, नटूनथटून. त्या वर्षी पूजेला पीकच नव्हते. तरीही लोक गेले, सवय म्हणून असेल, हट्ट म्हणून असेल. मी चौदा वर्षांचा होतो. पंगतीला वाढताना पाहिले तर आई, काकू, गड्याची बायको, आत्या, साऱ्यांच्या कानांत लिंबाच्या काड्या! सहा वर्षांत पहिल्यांदा आत्याच्या कानात जे होते, तेच सगळ्यांच्या कानांत होते. तिने त्या दिवशी डोक्यावरचा पदर कानामागे घेतला होता.

बाकीच्या बायकांच्या काडीला अर्थ होता. गहाण पडलेले पुढच्या सुगीला सुटेल, तोवर जागा मोकळी राहू द्यावी. आत्याचे कोणते सोने कुठे गहाण पडले होते, की ते सुटायचे होते? तिला दागिना मिळण्याचा काही संभव त्या वेळी तरी दिसत नव्हता. आजीलाही दिसत नसणार. तरी वाटीत दोन काड्या जास्त पडत राहिल्या.

पुढे आत्या शिवण शिकली आणि तालुक्याच्या गावी मुलींना शिवण शिकवू लागली. १९७६ साली, स्वतःच्या कमाईतून साठवलेले पैसे घेऊन ती सोनाराकडे गेली. मला सोबत नेले होते. सोनार तोच, आता चष्मा लावलेला. तिने मोत्याच्या दोन लहान कुड्या मागितल्या. त्याने पाहिले, काही विचारले नाही, आणि तार काढून कानशीवर घासायला घेतली. दहा वर्षांचे मोकळे कान, पुन्हा टोचावे लागणारच, असा त्याचा हिशेब. मग त्याने पाळी उजेडाकडे धरली आणि तार खाली ठेवली.

‘बाई, मला तर काही कामच ठेवलं न्हाई की तुम्ही,’ तो म्हणाला.

‘मी न्हाई,’ आत्या म्हणाली, ‘आईनं.’

आजी आदल्या वर्षीच गेली होती.

नाकाला काही घालायचे का, असे सोनाराने विचारले. आत्या नाही म्हणाली, आणि तो विषय तिथेच संपला. निदान मला तसे वाटले होते. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर गावांनीही तसे करावे असे परिपत्रक काढले. ती बातमी मी आत्याला वाचून दाखविली. तिने शांतपणे ऐकून घेतली. कुंकू पुसायचे नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. ‘नाकाचं काही लिवलंय का?’ तिने विचारले. माझ्या हातातल्या बातमीत नव्हते. ‘बरं,’ एवढेच ती म्हणाली. तेव्हा तिचे वय अठ्ठ्याहत्तर होते.

आता टोचण्याचे दिवस पुन्हा आले आहेत. ढोलपथकातली मुले भिकबाळी घालून मिरवतात. मुलींचे एकेका कानावर तीन-तीन, चार-चार वेज. १९५९ च्या ‘सांगत्ये ऐका’मधल्या लावणीने गाजवलेली बुगडी मधल्या काळात म्हातारी ठरली होती, ती आता कानाच्या वरच्या कडेला पुन्हा तरुण होऊन बसली आहे. मला यात वावगे काही वाटत नाही. पण सोनार गेला आणि आजीही गेली. टोचणे तेवढे उरले. एका दुकानात पाच मिनिटांत पिस्तुलासारख्या यंत्राने खट्‌कन टोचून देतात आणि मुलगी रस्त्याला लागते.

माझी पुतणी लातूरला शिकते. तिने तशाच एका दुकानात कानाच्या वरच्या कडेला टोचून घेतले. पाचव्या दिवशी कान लाल झाला, तापला, सुजून पुढे आला. डॉक्टरांनी समजावून सांगितले ते घरोघरी ठाऊक असावे असे आहे. कानाची पाळी मऊ मांसाची, तिथे रक्त खेळते, म्हणून ती सहा ते आठ आठवड्यांत भरून येते. वरचा कान कूर्चेचा. कूर्चेला स्वतःचे रक्त नाही, तिच्यावरच्या पातळ आवरणातून तिचे पोषण होते. यंत्राच्या धक्क्याने ते आवरण दुखावते आणि जंतू शिरले, तर पू साचून कूर्चाच मरते. मग कान कायमचा चुरगळल्यासारखा होतो. शिवाय बहुतेक यंत्रे उकळत्या वाफेत घालून निर्जंतुक करता येत नाहीत. म्हणून कूर्चेला टोचायचे ते निर्जंतुक केलेल्या नव्या सुईनेच, आणि भरून यायला काही महिने, कधी वर्षही, लागेल हे धरूनच. लाली पसरली, कान तापला, ताप आला, तर घरचे औषध करीत बसू नये, त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. खोट्या दागिन्यांतल्या निकेलने पुष्कळांना खाज सुटते, चिघळते. युरोपात १९९४ साली त्यावर कायद्याने मर्यादा घातली. आणि कुणाच्या कातडीला जखमेवर गाठ धरण्याची खोड असेल, तर त्याने टोचण्यापूर्वी दहादा विचार करावा.

आजीच्या पद्धतीतले काही आता मोडीत निघाले आहे. ती सुंकले रोज फिरवीत असे. आता फिरवू नये असे सांगतात, कारण आत धरलेली नवी कातडी त्याने तुटते. हळद-तेलाऐवजी स्वच्छ मिठाचे पाणी पुरे. पण धुतलेले हात, न खरवडलेली खपली आणि धीर, या तिन्ही गोष्टींत आजी आणि डॉक्टर यांचे एकमत आहे. बाळाचे कान लगेच टोचावेत की मूल मोठे होईपर्यंत थांबावे, यावर आज दोन मते आहेत. मी थांबणाऱ्यांच्या बाजूचा आहे. निदान धनुर्वाताच्या लसी तरी होऊ द्याव्यात. आणि ज्याला वेज सांभाळायचे, त्यालाच ठरवू दिले तर बाराव्या दिवसाचे काही अडत नाही.

पुतणीचा कान वाचला. पण कानातले काढावे लागले आणि वेज बुजले. ती निलंग्याला आली तेव्हा रडवेली झाली होती. आत्याने तिला जवळ बसवून घेतले.

‘आता दुखलालंय का?’

‘नाही आत्याआजी. पण बुजलं ना!’

‘बुजू दे. कान शाबूत हाय, वेज पुन्हा पाडता येतं. मला एक सांग, कुणी म्हटलं म्हणून टोचलं होतंस, का तुझं तुला वाटलं म्हणून?’

‘माझं मला.’

‘मग पुन्हा टोच,’ आत्या म्हणाली, ‘पण आता सांभाळायचं तुझं तू.’

पुतणीने सहा महिने वाट पाहिली आणि डॉक्टरांकडून सुईने पुन्हा टोचून घेतले. आता त्याला चौथा महिना चालू आहे. रात्री नऊच्या सुमारास आत्या लातूरला फोन लावते. अभ्यास झाला का, जेवलीस का, हे विचारायला घरात दुसरी माणसे आहेत; आत्या तेवढेच विचारते, ‘हात धुतलेस का गं?’